गाळणीत अडकले कोण?



उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या चलथाणच्या रस्त्यांचे चित्र बदलते. एरवी सायकली, मोटारसायकली, रिक्षा भराभर निघून जातात. पण एखाद्या अरुंद रस्त्यावर उसाने खच्चून भरलेला एक ट्रॅक्टर शिरला की त्याच्यामागे पाहता पाहता लांबच लांब रांग लागते. गंमत अशी की, रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाला ट्रॅक्टर दिसतच नाही. त्याला दिसते ती फक्त पुढची रिक्षा. मग तो हॉर्न वाजवून रिक्षावाल्यालाच रागे भरतो. बिचाऱ्या रिक्षावाल्याचा त्यात काहीच दोष नसतो.

आपल्या रक्ताच्या अभ्यासातही एकेकाळी असेच घडले. रक्त बारीक गाळणीतून हळू का जाते, याचा दोष शास्त्रज्ञांनी काही वर्षे तांबड्या पेशींना दिला. रांग तांबड्या पेशींचीच दिसत होती. वाट मात्र अडवली होती हजारांत एखादीच असणाऱ्या पांढऱ्या पेशीने. आज आपण त्या चुकीची आणि ती सुधारण्याची गोष्ट पाहणार आहोत. ही गोष्ट रक्तदानाशी, आपल्या घरात येणाऱ्या रक्ततपासणीच्या कागदाशी आणि आपल्या भागातील एका गंभीर आजाराशी जोडलेली आहे.

रक्तातील मंडळी

रक्त हे नुसते लाल पाणी नाही. रक्तद्रव नावाच्या पिवळसर द्रवात असंख्य पेशी तरंगत असतात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्तात, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी मात्र ४ हजार ते ११ हजार एवढ्याच. आपण सोयीसाठी ७ हजार धरू. म्हणजे सुमारे ७०० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी. रक्त गोठवण्याच्या कामी येणाऱ्या प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात, पण त्या आकाराने फारच लहान असल्यामुळे आज त्यांना बाजूला ठेवू.

तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. पांढऱ्या पेशी शरीराच्या शिपाई आहेत. त्या जंतूंना शोधतात, गिळतात, त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवतात. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८० च्या दशकात दाखवले आणि त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तपेशी पाहण्याचा मान आपल्या सुरतेसारख्याच कापडाच्या व्यवसायाशी जोडलेला आहे, हेही जाता जाता सांगायला हवे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी होते. कापड व्यापारी धाग्यांचा पोत भिंगातून तपासत. लेव्हेनहूक यांना या भिंगांचा असा नाद लागला की त्यांनी स्वतःच उत्तम भिंगे घासून तयार केली आणि १६७४ मध्ये तांबड्या पेशींचे नेमके वर्णन केले.

सर्वांत अरुंद गल्ली

हृदयातून निघालेली रक्तवाहिनी आपल्या अंगठ्याएवढी जाड असते. तिला फाटे फुटत फुटत शेवटी केशवाहिन्या तयार होतात. केशवाहिनीचा व्यास असतो अवघा ५ ते १० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा.

आता गंमत पाहा. तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ८ मायक्रॉन आहे. मग ती ५ मायक्रॉनच्या वाटेतून जाते कशी? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण तिच्या आकारात आहे. ती चेंडूसारखी गोल नसून दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेल्या चकतीसारखी आहे. तिच्या पोटात जेवढा माल आहे, तेवढा माल बांधायला लागेल त्यापेक्षा तिचे आवरण सुमारे ४० टक्के अधिक आहे. गच्च भरलेली गव्हाची गोणी अरुंद दारातून सरकत नाही, पण अर्धी भरलेली गोणी हवी तशी दुमडून आत नेता येते. तांबडी पेशी ही अशी अर्धी भरलेली गोणी आहे.

दुसरे कारण तिच्या पोटातील मालात आहे. तिच्यात केंद्रक नाही. आत फक्त हिमोग्लोबिनचे द्रावण आहे आणि ते बऱ्यापैकी पातळ आहे. त्यामुळे वाट अरुंद होताच पेशी क्षणात लांबट होते आणि पलीकडे निघून जाते. अगदी ३ मायक्रॉनच्या छिद्रातूनही ती जाऊ शकते.

पांढऱ्या पेशीचे तसे नाही. तिचे आकारमान तांबड्या पेशीच्या दुपटीहून अधिक असते. ती बहुधा गोल असते. तिच्यात केंद्रक असते, कण असतात, आधार देणाऱ्या तंतूंचे जाळे असते. तिच्या आवरणालाही घड्या असतात, त्यामुळे तीही आकार बदलू शकते, पण आतला माल इतका दाट असतो की आकार बदलायला तिला फार वेळ लागतो. आपल्या गावच्या मुलांना सांगायचे तर तांबड्या पेशीत उसाचा रस आहे आणि पांढऱ्या पेशीत काकवी. बाटली तिरपी केली की रस लगेच येतो, काकवी मात्र वाट पाहायला लावते. अरुंद छिद्रात शिरायला तांबड्या पेशीला सेकंदाचा एखादा सहस्रांश पुरतो, तर पांढऱ्या पेशीला त्याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो.

हा हजारपट आकडा लक्षात ठेवा. पुढे तो कामी येणार आहे.

शास्त्रज्ञांची गाळणी

शरीरातल्या केशवाहिनीत डोकावून मोजमाप करणे अवघड. म्हणून शास्त्रज्ञांना केशवाहिनीसारखी छिद्रे असलेली गाळणी हवी होती. ती मिळाली अणुविज्ञानातून. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर या तीन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असे पाहिले की, अणूचे वेगवान तुकडे पातळ पत्र्यातून आरपार गेले की मागे अदृश्य जखम ठेवतात. रसायनात बुडवल्यावर ती जखम कोरली जाऊन तिचे सरळ, गोल छिद्र होते. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर हा प्रयोग करताना कॉस्टिक सोडा वापरतात. सुरतेच्या प्रोसेस हाऊसमध्ये काम करणाऱ्या पालकांना हा पदार्थ चांगलाच परिचयाचा आहे. पॉलिस्टर कापड मऊ करायलाही तोच लागतो. रसायनात किती वेळ ठेवायचे यावर छिद्राचा व्यास ठरतो. ५ मायक्रॉन हवे तर ५, ३ हवे तर ३.

ही गाळणी हाती येताच १९७० च्या दशकात जगभर एक सोपी चाचणी सुरू झाली. रक्तातील पेशी मिठाच्या पाण्यात मिसळायच्या, थोडासा दाब देऊन ५ मायक्रॉनच्या गाळणीतून जाऊ द्यायच्या आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. तांबड्या पेशी लवचीक असतील तर मिश्रण लवकर गळेल, ताठर असतील तर उशिरा. तर्क सरळ होता.

मधुमेहाचे रुग्ण, धूम्रपान करणारे, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले रुग्ण, अशा अनेकांचे रक्त तपासले गेले. त्यांचे रक्त निरोगी माणसांच्या रक्तापेक्षा हळू गळत होते. निष्कर्ष निघाला की या आजारांत तांबड्या पेशी ताठर होतात. त्यावर निबंध लिहिले गेले. पेंटॉक्सिफायलिन नावाचे औषध तांबड्या पेशींना लवचीक करते, असे सांगून डॉक्टर पायदुखीच्या रुग्णांना ते देऊ लागले.

थोडे गणित करू

आता पाटी-पेन्सिल घ्या. ५ मायक्रॉनच्या अशा गाळणीवर एका चौरस सेंटीमीटरमध्ये सुमारे ४ लाख छिद्रे असतात. रक्ताचा एक थेंब सुमारे ५० घन मिलिमीटरचा धरू.

त्या थेंबात तांबड्या पेशी किती? ५० लाख गुणिले ५०, म्हणजे २५ कोटी. छिद्रे ४ लाख. म्हणजे एका छिद्राच्या वाट्याला ६२५ तांबड्या पेशी आल्या.

पांढऱ्या पेशी किती? ७ हजार गुणिले ५०, म्हणजे साडेतीन लाख. छिद्रे ४ लाख. म्हणजे जवळजवळ प्रत्येक छिद्राच्या वाट्याला एक पांढरी पेशी!

आता वेळ मोजू. तांबड्या पेशीला पलीकडे जायला १ क्षण लागतो असे धरा. मग ६२५ पेशींना ६२५ क्षण लागतील. पांढऱ्या पेशीला हजारपट, म्हणजे १००० क्षण. दर आठ छिद्रांपैकी सातांच्या वाट्याला एक पांढरी पेशी येते, म्हणून सरासरी धरली ८७५ क्षण. एकूण झाले १५०० क्षण. त्यातले निम्म्याहून अधिक क्षण सातशेंत एक असणाऱ्या पेशीने घेतले.

हे गणित ढोबळ आहे. खऱ्या चाचणीत पेशी एकामागोमाग एक अशा शिस्तीने जात नाहीत आणि काही पांढऱ्या पेशी छिद्रात बराच काळ अडकून बसतात. पण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. संख्येने नगण्य म्हणून ज्यांच्याकडे दुर्लक्ष केले, त्या पेशी घड्याळाचा काटा हलवत होत्या.

चूक कशी उमगली?

चाचणी करणारे अगदीच बेसावध होते असे नाही. नळीत रक्त फिरवून स्थिर केले की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ थर येतो, दुधावरच्या सायीसारखा. ही साय काढून टाकली की काम झाले, असे त्यांना वाटत होते. परंतु साय काढल्यावरही दुधात थोडे लोणी राहतेच, तशा बऱ्याच पांढऱ्या पेशी खालीच राहत होत्या.

काही चिकित्सक संशोधकांनी तीन साध्या गोष्टी केल्या. पहिली, चाचणी संपल्यावर गाळणी फेकून न देता ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. छिद्रांच्या तोंडाशी पांढऱ्या पेशी बसलेल्या दिसल्या. दुसरी, त्यांनी प्रवाहाचा वेग फक्त एकदा न मोजता सतत मोजला. सुरुवातीचा वेग तांबड्या पेशींच्या लवचीकतेवर ठरत होता, पण नंतर वेग घटत जात होता. तांबड्या पेशी ताठर असत्या तर वेग पहिल्यापासून कमी दिसला असता. हळूहळू घटणारा वेग म्हणजे छिद्रे एकेक करून बंद होत असल्याची खूण होती. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्यांनी पांढऱ्या पेशी जवळजवळ पूर्णपणे काढून टाकल्या आणि तीच चाचणी पुन्हा केली. रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्या रक्तातला फरक पुष्कळ अंशी नाहीसा झाला.

मग उलगडा झाला. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली असते. ज्यांच्या शरीरात दाह असतो, त्यांच्या पांढऱ्या पेशी अधिक चेतलेल्या, म्हणून अधिक ताठर आणि चिकट असतात. हळू गळत होते ते या कारणाने. पेंटॉक्सिफायलिनचा परिणामही पांढऱ्या पेशींवर होतो, असे पुढे आढळले. तांबड्या पेशींतील लवचीकता मोजायची असेल तर आधी पांढऱ्या पेशी काढून टाकाव्यात, असा नियम १९८० च्या दशकात तज्ज्ञांनी घालून दिला.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाचे मोठेपण कधीच न चुकण्यात नाही. आपली चूक आपणच शोधण्यात ते आहे. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. गाळणीत काय अडकले आहे, हे कोणीतरी वाकून पाहिले, एवढेच.

शरीरात काय घडते?

गाळणीतले खरे, पण जिवंत शरीरातही असे होते का? होते. केशवाहिनीत एखादी पांढरी पेशी शिरली की तिच्यामागे तांबड्या पेशींची आगगाडी तयार होते. पुढे वाट रुंद झाली की तांबड्या पेशी तिला ओलांडून जातात आणि तिला कडेला, वाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. हे ढकलणे शरीराच्या फायद्याचे आहे. शिपायाने रस्त्याच्या मधून धावण्यापेक्षा कडेने चालावे, म्हणजे कोणत्या घरात चोर शिरला आहे ते त्याला कळते. पांढरी पेशी भिंतीला चिकटून सरपटते आणि जिथे जंतू आहेत तिथे भिंतीतून बाहेर पडते.

फुप्फुसांत तर ही गोष्ट फारच ठळक आहे. तेथील केशवाहिन्यांतून तांबडी पेशी एका सेकंदाच्या आत पार होते, पण पांढऱ्या पेशीला काही सेकंदांपासून काही मिनिटे लागतात. त्यामुळे फुप्फुसांत नेहमीच पांढऱ्या पेशींचा मोठा साठा रेंगाळलेला असतो. श्वासाबरोबर जंतू आत येतात, तिथे शिपाई हजर असणे योग्यच. आपण मैदानाला चार फेऱ्या मारल्या की रक्ताचा वेग वाढतो आणि असे कडेला थांबलेले शिपाई प्रवाहात येतात. म्हणून पळून आल्याबरोबर रक्त तपासले तर पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो. रक्त देण्यापूर्वी मुलाला थोडा वेळ शांत बसवावे, ते यासाठीच.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा, ज्याला आपण बोलताना टी.सी. म्हणतो, थोडा वर गेला म्हणजे लगेच घाबरायचे कारण नाही. जंतुसंसर्ग, दगदग, काही औषधे, अशा अनेक कारणांनी तो वाढतो. केवळ तो आकडा पाहून दुकानातून प्रतिजैविक गोळ्या आणू नयेत. कागद डॉक्टरांना दाखवावा.

मात्र काही वेळा ही वाटअडवणूक जिवावर बेतते. हृदयविकाराच्या झटक्यात बंद झालेली मोठी रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली तरी कधी कधी पलीकडच्या बारीक वाहिन्यांत रक्त नीट पोहोचत नाही. त्या बारीक वाहिन्या तुंबण्याच्या अनेक कारणांत चेतलेल्या पांढऱ्या पेशी हेही एक कारण आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत पांढऱ्या पेशींची संख्या एका घन मिलिमीटरमध्ये एक लाखाच्याही वर जाते. त्या वेळी मेंदूतील आणि फुप्फुसांतील प्रवाह तुंबू शकतो आणि तातडीने उपचार करावे लागतात.

रक्ताच्या पिशवीची गाळणी

आता हीच गोष्ट उलटी करून पाहू. पांढऱ्या पेशी बारीक वाटेत अडकतात, ही अडचण आहे. पण तिचाच उपयोग करून घेता येईल का?

रक्तदानाची पिशवी बहुधा ३५० किंवा ४५० मिलिलिटरची असते. आपल्या हिशेबाने ३५० मिलिलिटर रक्तात सुमारे २४५ कोटी पांढऱ्या पेशी असतात. रुग्णाला हव्या असतात तांबड्या पेशी. परक्या पांढऱ्या पेशींमुळे काही रुग्णांना रक्त चढवताना थंडी वाजून ताप येतो. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. प्रत्येक वेळी परक्या पांढऱ्या पेशी आत गेल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवू लागते आणि त्रास वाढतो. पांढऱ्या पेशींत लपून बसणारे काही विषाणूही त्यांच्याबरोबर येतात.

रक्त चढवण्याच्या साध्या नळीतही एक जाळी असते, पण तिची छिद्रे १७० ते २०० मायक्रॉनची. ती फक्त गुठळ्या अडवते. पांढरी पेशी तिच्यातून सहज निघून जाते. म्हणून १९६२ मध्ये अमेरिकेत ग्रीनवॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉनच्या तंतूंची गाळणी वापरून पाहिली. १९७२ मध्ये युरोपात कापसाची गाळणी पुढे आली. हल्लीच्या गाळण्या बहुधा पॉलिस्टरच्या अतिशय बारीक तंतूंच्या असतात. ते विणलेले कापड नसते, तंतू एकमेकांवर पसरून दाबलेले थर असतात. नायलॉन, कापूस, पॉलिस्टर! खानदेशातून कापसाच्या शेतातून आलेल्या आणि सुरतेत यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांना या तिन्ही नावांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

ही गाळणी दोन प्रकारे काम करते. थरांमधल्या अरुंद जागांत पांढऱ्या पेशी अडकतात आणि तंतूंना चिकटूनही बसतात. तांबड्या पेशी वाकत-दुमडत निघून जातात. २४५ कोटींपैकी ५० लाखांहून कमी पांढऱ्या पेशी उरल्या तर गाळणी उत्तम, असा सर्वसाधारण निकष आहे. म्हणजे पाचशेंतील जवळजवळ ४९९ बाहेर! ज्या गुणाने चाचणी फसली, त्याच गुणाने रुग्णांचा ताप टळला.

साखर कारखान्यात काम करणाऱ्या पालकांना याचे नवल वाटणार नाही. रसातील गाळ वेगळा करताना तो जाळीवर लिंपून बसू नये म्हणून त्यात चिपाडाचा बारीक भुसा मिसळतात. गाळ तोच, जाळी तीच, पण थोडा भुसा पडल्याने रस वाट काढतो. गाळणीचा प्रवाह नेहमी जास्त असलेल्या पदार्थावर ठरत नाही. पुष्कळदा तो थोड्या असलेल्या पदार्थावर ठरतो.

आपल्या भागाचा प्रश्न : सिकल सेल

आता शेवटची आणि सर्वांत जवळची गोष्ट. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आणि महाराष्ट्राच्या नंदुरबार, धुळे भागात सिकल सेल हा आनुवंशिक आजार आढळतो. ऊसतोडीसाठी डांग, नंदुरबारकडून जी कुटुंबे दरवर्षी आपल्या परिसरात येतात, त्यांच्या मुलांपैकी काहींना तो असू शकतो. भारतात सिकल पेशी १९५२ मध्ये प्रथम नोंदल्या गेल्या, त्यांतील एक नोंद निलगिरीतील आदिवासींची होती.

या आजारात तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन बदललेले असते. प्राणवायू सोडला की ते आतल्या आत दोऱ्यांसारखे ताठ होते आणि पेशी कोयत्यासारखी वाकडी होते. इथे तांबडी पेशी खरोखरच ताठर असते. पण या गोष्टीतही पांढरी पेशी आहेच! ज्या रुग्णांत पांढऱ्या पेशी अधिक, त्यांचा आजार अधिक तीव्र, असे १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून दिसले. पुढे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की, भिंतीला चिकटलेल्या पांढऱ्या पेशी जाणाऱ्या वाकड्या पेशींना धरून ठेवतात आणि मग वाट बंद होते. वाट बंद झाली की हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अशा कळांचे प्रमाण घटते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात. ते पांढऱ्या पेशींची संख्याही कमी करते. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते.

गुजरात सरकारने २००६ मध्ये सिकल सेल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून लग्नापूर्वी तपासणी करून घेणे, यात लाज नाही, शहाणपण आहे.

वर्गातला एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहतो, खेळताना लवकर दमतो, हातपाय दुखतात म्हणून रडतो. आपण चटकन म्हणतो, आळशी आहे, कारणे सांगतो. थांबा! रांगेच्या शेवटी उभे राहून रिक्षावाल्याला रागे भरणाऱ्या माणसाची आठवण करा. त्या मुलाला पाणी पिऊ द्या, थंडीवाऱ्यापासून जपा, शिक्षकांना सांगा आणि त्याचे रक्त एकदा तपासून घ्यायला सुचवा.

घरी करून पहा

आईकडून एक नरसाळे मागून घ्या. त्याच्या नळीत जेमतेम अडकेल असा हरभरा निवडा. आधी एक वाटी मोहरी नरसाळ्यातून ओता आणि किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. मग त्याच मोहरीत फक्त तीन-चार हरभरे मिसळून पुन्हा ओता. हरभरा तोंडाशी आला की मोहरीचे काय होते? आता वरून मोहरी पाहणाऱ्या, पण हरभरे मिसळल्याचे ठाऊक नसलेल्या भावंडाला विचारा की मोहरी का अडली. त्याचे उत्तर वहीत लिहून ठेवा.

एक फरक मात्र विसरू नका. हरभरा आकार बदलत नाही, पांढरी पेशी सावकाश का होईना बदलते. आणि रक्ताचा कोणताही प्रयोग घरी करायचा नाही, सुई टोचून तर मुळीच नाही.

विचार करा

१) रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या ७ हजारांवरून १४ हजार झाली, तर वरच्या गणितात एकूण किती क्षण लागतील? त्यांपैकी पांढऱ्या पेशींचा वाटा किती?

२) सुरुवातीलाच कमी असलेला वेग आणि हळूहळू घटणारा वेग, या दोहोंतून शास्त्रज्ञांनी कोणते वेगवेगळे निष्कर्ष काढले?

३) तुमच्या घरात, शेतात किंवा कारखान्यात थोड्याशा वस्तूमुळे सगळे काम अडते, असे एखादे उदाहरण शोधा. दोष आधी कोणावर आला होता, तेही लिहा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २३७५ क्षण, त्यांपैकी १७५० पांढऱ्या पेशींचे. ज्यांचे उत्तर वेगळे आले असेल त्यांनी निराश होऊ नये. आपली गाळणी एकदा उचलून पाहावी, अडकले आहे कोण ते दिसेल.